‘उद्यापासून नक्की’ म्हणणाऱ्या नवऱ्याला चालतं कसं करायचं?

सप्रेम नमस्कार ताई,

माझे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत. साताऱ्यात एका ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवतात. स्वभाव इतका शांत, की लग्नाला २० वर्षं झाली तरी त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही. एसटी चुकली तर ‘पुढची येईल’, भाजीत मीठ कमी पडलं तर ‘चांगलंय की’. सगळे मला नशीबवान म्हणतात आणि ते खरंही आहे.

गेल्या महिन्यात त्यांची रक्ततपासणी केली. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा आकडा, ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात. रोज चाला, खाण्याकडे बघा, तीन महिन्यांनी परत तपासू. माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता. शेवटची काही वर्षं त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. मी घाबरले. हे घाबरले नाहीत.

त्यांनी ‘नाही’ असं कधीच म्हटलं नाही. जिमची वर्षाची फी भरली, आठवडाभर गेले. अजिंक्यताऱ्यावर जायचं ठरलं, दोन रविवार गेले, तिसऱ्या रविवारी पाहुणे आले आणि विषयच संपला. नवे बूट आणले, ते खोक्यात आहेत. मी पहाटे साडेपाचला उठवते, ते ‘हो, पाच मिनिटं’ म्हणतात, आणि माझे डबे भरून होईपर्यंत सात वाजतात. पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं. रात्री मी ते बघते, तर जेमतेम २,००० पावलं. मग मी बोलते, ते हसून ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘उद्यापासून नक्की.’ मुलगी अकरावीत आहे, ती म्हणते, ‘आई, तू सोड ना बाबांना.’

माणूस इतका चांगला आहे की रागावताही येत नाही. त्यांना गंभीर कसं करू?

– एक वाचक, सातारा

प्रिय सातारकर ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. त्यांना गंभीर करायच्या मागे लागू नका. पन्नाशीला आलेल्या माणसाचा स्वभाव बायकोच्या सांगण्यावरून बदलत नाही, आणि रोज अर्धा तास चालण्यासाठी तो बदलायची गरजही नाही. मी सकाळचे व्यायामवर्ग घेते. तिथे कितीतरी निवांत माणसं वर्षानुवर्षं टिकलेली पाहिली आहेत, आणि १ जानेवारीला कंबर कसून आलेली माणसं होळीच्या आत दिसेनाशी झालेलीही पाहिली आहेत.

अडचण अशी आहे, की व्यायामाच्या नावाखाली आपल्यापुढे जे काही येतं ते बहुतेक ईर्ष्येवर चालणाऱ्या लोकांसाठी बनवलेलं असतं. ९० दिवसांचं चॅलेंज, आधीचा आणि नंतरचा फोटो, मोबाइलवर कोण कितवा त्याची यादी. १९५० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ अशी माणसांची विभागणी मांडली. टाइप ए म्हणजे सतत घाईत असलेले, मागे पडलो तर अस्वस्थ होणारे. टाइप बी म्हणजे तुमच्या मिस्टरांसारखे. या स्वभावांवरून हृदयविकाराचं भाकीत करण्याचा भाग पुढच्या अभ्यासांत फारसा टिकला नाही, पण वर्णन मात्र लोकांच्या तोंडी राहिलं, कारण दोन्ही प्रकारची माणसं आपल्या घरात असतात. टाइप ए माणसाला पावलांचा आकडा दिला, की तो रात्री साडेअकराला बेडरूममध्ये येरझाऱ्या घालून तो पुरा करतो. तुमचे मिस्टर आकडा बघतात, ‘बरं’ म्हणतात आणि झोपतात. जिमची फी बुडाली तरी त्यांना काही वाटलं नाही. तेव्हा टार्गेट, पैज, बक्षीस, वाया गेलेल्या पैशांची आठवण, हे सगळं त्यांच्या बाबतीत बाजूला ठेवूया.

आता त्यांच्या ‘हो’कडे येते, कारण घोडं तिथेच अडलं आहे. शांत स्वभावाच्या माणसाला वाद नको असतो. ‘हो’ म्हटलं की वाद तिथे संपतो. त्या क्षणी ते खोटं बोलत नसतात, तुम्हाला बरं वाटावं हीच त्यांची इच्छा असते. पण त्या ‘हो’मध्ये चालायचा निर्णय नसतो. तुम्ही तो निर्णय समजता आणि दुसऱ्या दिवशी फसवल्यासारखं वाटून घेता.

म्हणून त्यांना ‘नाही’ म्हणायची सोय करून द्या. ‘उद्यापासून चालायला जाणार ना?’ हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी एखाद्या निवांत दुपारी तीन-चार गोष्टी समोर ठेवा, सकाळचा वॉक, जेवणानंतरचा फेरफटका, सायकल, रविवारचा किल्ला, आणि विचारा, ‘अहो, यातलं तुम्हाला अजिबात न आवडणारं कुठलं?’ मला खात्री आहे, पहिला बळी पहाटेच्या साडेपाचचा जाईल. जाऊ द्या. त्यांना पहाट आवडत नाही हे २० वर्षांत त्यांनी सांगितलं नसेल, कारण तुम्ही उठताच म्हटल्यावर ते कसं सांगणार? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर आयुष्यभर काम केलं, आणि त्यांच्या सिद्धांताच्या मुळाशी ही गोष्ट आहे: आपण स्वतः निवडलं आहे असं ज्याला वाटतं तो ते काम पुढे चालू ठेवतो. दुसऱ्याने लादलेलं काम पाठीमागचा माणूस हटला की सुटतं. तुम्ही साडेपाचला उठवायचं थांबवलं की चालणं थांबतं, याचा अर्थ ते चालणं तुमचं होतं.

आणखी एक प्रश्न विचारून बघा. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्या लोकांशी बोलण्याची एक पद्धत मांडली, ती आज जगभर मधुमेहाच्या समुपदेशनातही वापरतात. तिचं मर्म असं, की बदलाच्या बाजूने आपण जितकं बोलू तितका समोरचा आहे तिथेच राहण्याच्या बाजूने उभा राहतो. तोंडाने नाही तर मनाने. म्हणून त्याच्याकडून बोलवून घ्यायचं. विचारा, ‘चालणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, दहापैकी?’ ते म्हणतील, ‘चार.’ इथे आपल्या तोंडात लगेच ‘चारच?’ येतं. ते गिळून टाका आणि विचारा, ‘चार का? एक का नाही?’ आणि मग गप्प बसा. खरोखर गप्प. मधे पोळ्या लाटायला उठू नका, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ‘एक का नाही’ याचं उत्तर देताना माणसाला चालण्याच्या बाजूची कारणं स्वतःच शोधावी लागतात. तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं कारण आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं कारण, यात फार फरक असतो.

कदाचित ते वडिलांबद्दल बोलतील. ‘हे घाबरले नाहीत’ असं तुम्ही लिहिलं आहे. माझा अंदाज वेगळा आहे. वडिलांची दृष्टी जाताना ज्याने पाहिली, त्याला ६.२ चा अर्थ कळत नसेल असं मला वाटत नाही. काही माणसं भीती वाटली की धावपळ करतात, काही तिच्याकडे पाठ करून बसतात, आणि बाहेरून ते निवांतपणासारखंच दिसतं. अशा माणसाला सासऱ्यांच्या डोळ्यांची आठवण करून देऊन चालायला लावता येत नाही. तो आणखी पाठ फिरवतो.

भीतीपेक्षा दिलासा त्यांच्या जास्त उपयोगी पडेल, आणि तो खोटा नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं होतं त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी खाण्यात बदल केला आणि रोज निदान अर्धा तास चालण्याचं पथ्य पाळलं त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. गोळी घेणाऱ्या गटातही जवळपास तेवढंच. आणि या लोकांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. हा शेवटचा भाग मिस्टरांना जरूर सांगा. वजनकाट्यावर काही दिसत नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. काटा हलला नाही तरी आत काम चालू असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या मिस्टरांसाठी शतपावली. पहाट नको, बूट नको, जिम नको. आपल्या आजोबांच्या पिढीत रात्री जेवून उठलं की अंगणात किंवा गल्लीत फेऱ्या मारायची रीत होती, ती टीव्हीने बुडवली. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही दिवस त्यांना दिवसातून केव्हाही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. एकूण वेळ तेवढाच. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. कारण समजायला अवघड नाही. जेवण पचून साखर रक्तात उतरू लागते त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू काम करत असले, की ते ती साखर ओढून घेतात, आणि चालत्या स्नायूला त्यासाठी इन्शुलिनवर तितकं अवलंबून राहावं लागत नाही.

हिशेब मांडून बघा. मिनिटाला साधारण १०० पावलं हा मध्यम वेग. शंभर पावलं म्हणजे मिनिटभराचं काम, ते पुरणार नाही. पण १० मिनिटं म्हणजे हजार पावलं. नाश्त्यानंतर, कॉलेजात डबा खाल्ल्यावर आणि रात्री, असं तीनदा केलं की दिवसाचा अर्धा तास झाला, आठवड्याचे २१० मिनिटं झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि त्याच वेळी सलग १० मिनिटं झाली तरच ती धरायची ही जुनी अटही काढून टाकली. म्हणजे एखाद्या दिवशी सहाच मिनिटं झाली तरी ती जमेला धरायची. वेग बरोबर आहे की नाही ते ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

सुरुवात मात्र तिन्ही वेळांनी करू नका. फक्त रात्रीचं जेवण. आणि सगळी लढाई सोफ्यावर बसण्याआधी जिंकायची आहे. शांत माणूस एकदा टेकला की उठत नाही, पण उभा असेल तर चालायला लागायला त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. तेव्हा चपला दारात नकोत, जेवणाच्या टेबलाजवळ ठेवा. ताट सिंकमध्ये ठेवायचं, हात धुवायचे, नॅपकिनला हात पुसायचे आणि तिथेच पायात चपला सरकवायच्या. खिशात किल्ली आधीच हवी, म्हणजे ती शोधायला हॉलमध्ये जावं लागणार नाही, कारण हॉलमध्ये रिमोट आहे. हे फार बारीक वाटेल, पण माझ्या अनुभवात माणसं अशाच बारीक ठिकाणी अडतात. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे, की ‘मी व्यायाम करणार’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधी ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. ‘ताट ठेवलं की चप्पल’ इतकंच ठरवा.

बरोबर कोण असेल, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. आणि इथे तुमच्या मिस्टरांचा स्वभाव कामाला येतो.

माझ्या वर्गात एक निवृत्त गृहस्थ होते, अगदी तुमच्या मिस्टरांच्या जातीचे. हसतमुख, कधी वेळेवर नाहीत, आठवड्यातून दोनदा दांडी, आणि विचारलं की ‘उद्या नक्की येतो’. मी बोलून बघितलं, गमतीने टोमणे मारून बघितले, काही उपयोग झाला नाही. पुढे आमच्या हॉलची किल्ली सांभाळणारा माणूस गावाला गेला आणि त्यांचं घर हॉलजवळ म्हणून किल्ली त्यांच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तर हॉल उघडा, खिडक्या उघड्या, पंखे चालू, सतरंज्या घातलेल्या, आणि हे दारात उभे. किल्ली परत मागायला मी गेलेच नाही. स्वतःच्या साखरेसाठी जे अंथरुणातून उठत नव्हते, ते बाकीच्या बायका बाहेर ताटकळतील या विचाराने सगळ्यांच्या आधी हजर होऊ लागले.

असे लोक आरोग्यासाठी उठत नाहीत, माणसांसाठी उठतात. कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना मनापासून लागतं. म्हणून शतपावलीला अकरावीतली मुलगी बरोबर जाऊ दे. तिला सांगा, ‘रात्री बाबांबरोबर दहा मिनिटं जा, दिवसभर अभ्यास करून पाय आखडतात.’ मुलीला बाहेर न्यायचं आहे म्हटल्यावर ते ‘उद्या’ म्हणणार नाहीत. शिवाय या वयाची मुलं समोरासमोर बसवून बोलती होत नाहीत, शेजारी चालताना होतात. दुपारच्या १० मिनिटांसाठी स्टाफरूममधला एखादा सहकारी बघा, पण त्याला तुम्ही परस्पर फोन करू नका, ते मिस्टरांनाच ठरवू द्या. रविवारी अजिंक्यताऱ्यावर चढणारे गट साताऱ्यात काही कमी नाहीत. तिथेही त्यांच्याकडे एखादं काम असू द्या, चहाचा थर्मास नेणं किंवा कुणाला वाटेत गाडीवर घेणं. थर्मास ज्याच्याकडे आहे त्याला दांडी मारता येत नाही.

तुम्ही स्वतः शतपावलीला जावं की नाही? सुरुवातीला नको, असं मी सुचवेन. तुमच्याबरोबर चालताना त्यांना पाहणीवरच्या साहेबाबरोबर चालल्यासारखं वाटेल, इतकं या विषयावर तुमचं दोघांचं बोलणं झालं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांनी बोलावलं तर जरूर जा.

त्याच कारणासाठी ते घड्याळ रात्री बघणं आजपासून बंद. अगदी बंद, चोरूनही नाही. दिवसाला १०,००० पावलं हा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र त्या नावाने विकायला काढलं, तिथून तो जगभर पसरला. हार्वर्डच्या संशोधक आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये १६,७०० हून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे त्यात आणखी घट दिसली नाही. तुमच्या मिस्टरांची आजची २,००० आणि तीन वेळची ३,००० धरली, तर ५,००० होतात. तुम्ही १०,००० च्या चष्म्यातून बघाल तर हे निम्मंच दिसेल आणि तुमच्या चेहऱ्यावर ते उमटेल. त्यांना तुमचा चेहरा नीट वाचता येतो.

खाडे होणार. पाहुणे येतील, लग्नं येतील, परीक्षेचे पेपर तपासायचे असतील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयीचा अभ्यास केला होता. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला लोकांना मधल्या हिशेबाने ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असं दिसलं. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते हे जे आपण ऐकतो त्याला काही आधार नाही. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा कॅलेंडरवर फुल्या मारू नका. जे दिवस झाले ते झाले. घात होतो तो सणानंतर. अमेरिकेत केटी मिल्कमन या संशोधक बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: उत्कंठा वाढवणारी ऑडिओ पुस्तकं लोकांना फक्त जिममध्येच ऐकायला दिली. पुढे काय झालं ते ऐकायला लोक जास्त वेळा येऊ लागले, सुरुवातीला तर ५१ टक्क्यांनी जास्त. पण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जिम बंद राहिली आणि नंतर तो परिणाम बराचसा ओसरला. आपल्याकडे गणपती आणि दिवाळी आहेत. गौरी-गणपतीत शतपावली बुडेल हे धरूनच चाला, आणि पुन्हा सुरू करायचा दिवस आधीच मुलीच्या कानावर घालून ठेवा. आवडीचं काहीतरी फक्त चालतानाच ऐकायचं, ही युक्ती दुपारच्या एकट्याच्या फेरीला चांगली आहे. त्यांना जुनी नाट्यपदं आवडत असोत की क्रिकेटच्या गप्पा, निवड त्यांची.

साताऱ्याच्या पावसाचंही आत्ताच ठरवा. जूनपासून चार महिने रात्री बाहेर पडणं कठीण. पाऊस असेल तर जिना, किंवा गच्चीवर पत्रा असेल तर गच्ची, किंवा घरातल्या घरात स्वयंपाकघर ते पुढचं दार. ऐनवेळी ठरवायला ठेवलं तर उत्तर ‘आज पाऊस आहे’ हेच येणार.

चालण्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही लागतो. तो आत्ता काढू नका, महिन्याभराने काढा. चहाला उकळी येईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा. सकाळचा चहा त्यांच्याकडे द्या, म्हणजे तेही जमेल आणि तुमचंही एक काम हलकं होईल.

तुमचं काम म्हटलं, तर एक गोष्ट मनाला लागली ती लिहिते. एवढ्या पत्रात तुमच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल एक शब्द नाही. साडेपाचला उठून डबे करणं हा व्यायाम नव्हे, कष्ट आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आहे आणि स्त्रियांचं ५७ टक्के. तुमची स्वतःची साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब शेवटचा कधी तपासला? मिस्टरांना उठवण्यात जाणारी सकाळची वीस मिनिटं आता तुमच्या हातात आली आहेत. ती स्वयंपाकघरात घालवू नका. आपल्या साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या बाजूला मैत्रिणींबरोबर फिरायला जा, त्यांच्यासाठी नमुना म्हणून नाही, तुमच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणि डोक्यासाठी.

डॉक्टरांकडे दोन गोष्टी जरूर बोला. एक, हा निवांतपणा पूर्वीपासूनचा आहे की गेल्या वर्ष-दोन वर्षांत वाढला आहे? रात्री मोठ्याने घोरतात का, दुपारी वर्गात डोळे मिटतात का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही का? थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडणं, नैराश्य, या सगळ्यांत माणूस ‘नंतर करू’ म्हणू लागतो आणि आपण त्याला आळस समजतो. दोन, किल्ला चढायला लागण्याआधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या. चढताना छातीत दडपल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा. सहन करून घेण्याची सवय असलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागतं.

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवतं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं आहे. तोवर मधेमधे तपासून धीर सोडू नका. रिपोर्ट आणायला त्यांना एकट्यालाच जाऊ द्या. ६.२ च्या खाली आलं असेल तर ते तुम्हाला स्वतः येऊन सांगतील. वाढलं असेल तर चालण्यात कुठे कमी पडलं याची चौकशी करू नका, गोळी सुरू करायची का हे डॉक्टरांना विचारा आणि रात्रीची शतपावली त्या दिवशीही चालू राहू द्या. आणि काय झालं ते मला कळवा.

तुमची,
ताई